सतरा पोपट

"डोळ्यांत पाहायचं नाही. फक्त हात पाहायचा. आणि एकदा धरला, की शीर मिळेपर्यंत सोडायचा नाही."

सुशीला सिस्टरांचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. सहा वर्षांपूर्वी गोंदियातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात, मुलांच्या वॉर्डात मी नर्स म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी हे शिकवलं. सुई पाहिली की मूल हातपाय झाडतं. मग त्याला चादरीत गुंडाळायचं. एकीने गुडघे दाबायचे, एकीने खांदे, तिसरीने मनगट; चौथीने सुई लावायची. मी मनगटवाली. शामकलाची पकड चांगली आहे, असं सगळ्या म्हणायच्या.

मी सडक अर्जुनीची. घरून निघताना सोबत फार काही आणलं नव्हतं, पण नेम सगळे आणले. पहाटे आंघोळ, महादेवाला पाणी, तुळशीला पाणी, मगच माझ्या तोंडात घोट. सोमवार, गुरुवार, एकादशी. संध्याकाळी खोलीवर आले की दिवा आणि एक माळ. आणि त्या वेळी, देवापुढे हात जोडले की, दिवसभरात धरलेली मनगटं तळहातात परत यायची. चिमणीच्या पायाएवढी, घामेजलेली, सुटू पाहणारी मनगटं... देवाला मी कधी काही मागत नव्हते. एवढंच विचारायचे, हे हात तुला चालतात का?

उत्तर यायला सहा वर्षं लागली. आणि ते आलं तेव्हा मी त्याला कूलरवाला समजले.

चैत्रातलं नवरात्र संपून दोनच दिवस झाले होते. सकाळी ड्यूटीवर पोचले तर वॉर्डातला मोठा कूलर बंद, खसच्या ताट्या कोरड्या ठणठणीत, आणि मुलं घामाने किरकिरत होती. दाराशी एक जण खोकं घेऊन उभा. उंचसा, चौकड्यांचा शर्ट, खिशात स्क्रूड्रायव्हर. मेकॅनिकला मी शनिवारपासून फोन करत होते.

"उशीर केलात भाऊ," मी म्हटलं. "मोटर फिरते, पण पाणी चढत नाही."

तो घुटमळला. काही बोलणार होता, मग त्याने माझ्याकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं, खोकं खाली ठेवलं आणि कूलरची मागची जाळी उघडली. पाऊण तास वाकून बसला होता. पंपातला गाळ काढला, एक तार नव्याने जोडली. ओल्या खसचा पहिला गार झोत आला तेव्हा सगळ्या खाटांवरून एकदम हुश्श झालं.

मी त्याला ऑफिसातून सही घेऊन जायला सांगितलं.

"घेतो ना," तो कपाळ पुसत म्हणाला. "पण मी कूलरवाला नाही सिस्टर. त्या खोक्यात चष्मे आहेत. लेकरांसाठी. नागपूरच्या कंपनीनं पाठवलं मला."

माझे कान तापले. "मग... आधी सांगितलं का नाही?"

"तुम्ही इतक्या हळू आवाजात रागावल्या, की वाटलं, आधी ऐकून घ्यावं." तो हसला. "आणि एक विनंती. काहीही म्हणा, पण भाऊ नका म्हणू."

त्याचं नाव दुर्गेश. इथलाच, फुलचूरचा. नागपुरात कॉम्प्युटर शिकला आणि तिथेच एका छोट्या कंपनीत लागला. ते चष्मे म्हणजे व्हीआरचे, डोळे पूर्ण झाकणारे, कानांवरही आवाज. घातला की आपण दुसऱ्याच जागी. मान वळवू तिकडे नवं काही. मन तिकडे रमलं की इकडची सुई निम्मी टोचते, असं त्याने वॉर्डातल्या सगळ्यांना समजावलं. बाकीच्या हसल्या. मला मात्र हे नवं वाटलं नाही. जपाला नीट बसलं तर डास चावलेला कळत नाही, हे मला कधीचं माहीत होतं.

दोन महिन्यांची चाचणी ठरली. दर मुलामागे एक कागद: किती वेळ लागला, मूल किती रडलं, धरावं लागलं का. शेवटी कागद पाहून मोठे डॉक्टर ठरवणार, चष्मे ठेवायचे की परत पाठवायचे. त्यांना ते पसंत नव्हतंच. दिवसाला तीस मुलं असतात, म्हणाले, चष्मे लावत बसलो तर शेवटच्याला सलाईन संध्याकाळी लागेल. त्यात खोटं काही नव्हतं.

पहिल्या दिवशी चष्म्यात बर्फाचा डोंगर होता. भाजलेल्या पायाचं ड्रेसिंग करून घ्यायला आलेल्या मुन्नाने तो पाहिला आणि विचारलं, एवढ्या गोळ्यावर लाल रंग कोण टाकते? दुर्गेशने ते वहीत लिहून घेतलं. आठ दिवस घरी बसून त्याने आपल्याकडची आमराई तयार केली. खाली धानाच्या बांध्या, वर कोयलीचा आवाज. कैरीकडे टक लावून पाहिलं की ती टपकन टोपलीत पडते. हात हलवायचं कामच नाही. मुन्नाने तेवीस कैऱ्या पाडल्या आणि पट्टी सुटली तरी ओरडला नाही, फक्त मध्येच म्हणाला, "सिस्टर, हळू... नेम चुकून राहिला."

त्या दिवशी मी कुणाचं मनगट धरलं नाही. संध्याकाळी माळ हलकी वाटली.

दुर्गेश दर एक-दोन दिवसांनी यायचा. चष्मे पुसायचा, चार्ज करायचा, खेळात काहीतरी बदलायचा. आणि येताना काहीतरी खायला आणायचा. सोमवारी समोसे आणले. सोमवार माझा उपासाचा. गुरुवारी मोठ्या विचाराने केळी आणली, उपासाला चालतात म्हणून. पण गुरुवारी आम्ही केळीच्या झाडाला पुजतो, केळं खात नाही. शनिवारी भजी, शनिवारी मी तळलेलं खात नाही. प्रत्येक वेळी ती पुडी सुशीला सिस्टरांच्या टेबलावर जायची आणि त्या शांतपणे संपवायच्या.

"शामकलाजी," एकदा तो अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "तुमचा खाण्याचा वार कोणता, ते एकदा सांगून द्या. नाही तर माझ्यामुळे सुशीला सिस्टरांचं वजन वाढून राहिलं."

"बुधवारी विचारा."

"बुधवारी खाता?"

"बुधवारी सांगते."

मी गंभीरच होते. पण तो गेल्यावर सुशीला सिस्टर भजी चावत म्हणाल्या, तू आज दोनदा हसलीस, मी मोजलं.

एका दुपारी वॉर्ड शांत होता. खसचा ओला वास, खिडकीबाहेर पांढरं ऊन. चष्मा कसा वाटतो ते तुम्हाला कळायला पाहिजे, असं तो म्हणाला, आणि मी घातला. आमराई... पानांतून ऊन हलत होतं. त्याने विचारलं, तुमच्या मनगटाला पेनाचं टोपण टेकवू का, चालेल? मी मान डोलावली.

थोड्या वेळाने चष्मा काढला. "किती वेळा टेकवलं?"

"...एकदा."

"तीनदा," तो खुश होऊन म्हणाला. "पाहा, कसं काम करते."

खरं म्हणजे तीनही वेळा कळलं होतं. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. त्या संध्याकाळी खोटं बोलले म्हणून एक माळ जास्त केली, आणि त्या माळेतही लक्ष नव्हतं.

मग जमुना आली.

नऊ वर्षांची, दरेकशाची. तिला सिकलसेल आहे. आमच्याकडे पुष्कळ मुलांना असतो तो. रक्तातल्या पेशी वाकड्या होतात, मध्येच अडकतात, आणि हाडांत असं दुखतं की मोठी माणसंही लोळतात. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की जास्तच. दुखणं सुरू झाल्या-झाल्या आणलं तर सलाईन आणि औषधाने दोन दिवसांत उतरतं. उशीर झाला तर जिवावर बेततं.

जमुनाला उशिराच आणलं होतं. तिचा बाप बिसराम जंगलात मजुरीला जातो; मोहफुलांचे दिवस, तो पहाटेच जंगलात. लेकीने पाच दिवस दुखणं लपवलं होतं. झोपताना तोंडात ओढणीचा बोळा धरत होती, म्हणाला, बापाला आवाज जाऊ नये म्हणून. सहाव्या दिवशी पडली तेव्हा कळलं.

"काऊन लपवलं, विचारलं मी तिले," बिसराम खाली पाहत म्हणाला. "तर म्हने, तिथं चौघीजनी धरतेत."

त्या चौघींतली एक मी होते. मागच्या भादव्यात तिच्या शिरा सापडत नव्हत्या; पाच वेळा टोचावं लागलं होतं, आणि पाचही वेळा मनगट माझ्या हातात होतं. तिने मला ओळखलं. दोन्ही हात काखेत घालून घेतले.

दुखण्याने नाही, तर आमच्या हातांनी मरेल ही पोर... हे मला तिथे उभ्या-उभ्या दिसलं. या वेळी धरली, तर पुढच्या वेळी ती सहा दिवस लपवेल, मग सात.

दुर्गेश होताच. त्या दिवशी मोठे डॉक्टरही चाचणी पाहायला येऊन उभे राहिले होते. मी जमुनाच्या खाटेशी खाली बसले, चष्मा तिच्या हातात दिला, सगळं सांगितलं. तिने उलटापालटा करून पाहिला आणि घातला. एक हात हळूच बाहेर आला. दोन क्षण मान इकडेतिकडे वळली. ओठ जरा उघडले.

आणि एकदम तिने डोळे गच्च मिटले, चष्मा ओढून काढला आणि हात परत काखेत.

"मी नाही तोडत."

दुर्गेश गडबडला. तोडायचं काही नाही, नुसतं पाहायचं, आंबा आपोआप पडतो, त्याने सांगितलं. ती मान हलवत राहिली. खोटे आंबे आहेत, खेळ आहे, सुशीला सिस्टर म्हणाल्या. तिची मान हलतच राहिली. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं.

बिसराम चोरट्यासारखा पुढे आला. "साहेब, आमचा नवा झाला नाई अजून." आम्ही सगळे त्याच्याकडे पाहत राहिलो, तेव्हा त्याने हळूहळू सांगितलं. नवा आंबा आधी देवाले. गावचा भुमक, म्हणजे त्यांचा पुजारी, दिवस ठरवतो. त्या दिवशी सगळं गाव मिळून नैवेद्य दाखवतं. तोपर्यंत घरातलं कोणी आंब्याला हात लावत नाही, खात नाही, पाडत नाही. लहानसं लेकरूही नाही.

"म्हणजे झालं," डॉक्टर म्हणाले. रागाने नाही, थकून. "दुर्गेश, हे नागपुरात चालेल. इथे नाही. सिस्टर, घ्या धरून. आधीच उशीर झालाय."

सुशीला सिस्टरांनी चादर उलगडली. माझं नाव घेतलं. माझी जागा ठरलेली होती, मनगटाशी.

मी उठले. चादर आणि खाट यांच्यामध्ये जाऊन उभी राहिले.  आवाज नेहमीसारखाच निघाला, हळू. मला दुसरा येतच नाही.

"मी धरणार नाही. आणि कुणाला धरू देणार नाही."

"शामकला," सुशीला सिस्टर म्हणाल्या.

"तिचं व्रत आहे, डॉक्टर. ताप असो, कळ असो, माझा सोमवार कुणी मोडायला लावला तर मी ऐकते का? तुम्ही सगळे मला हसता, पण माझ्या ताटात कुणी घास टाकत नाही. ती नऊ वर्षांची आहे आणि एवढ्या कळेत तिने आंबा पाडला नाही. तिला चादरीत कसं बांधू?"



"दहा मिनिटं द्या साहेब," दुर्गेश म्हणाला. तो केव्हाच जमिनीवर बसून लॅपटॉप उघडत होता. "दहाच."

डॉक्टरांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. पण गेले नाहीत.

बदलायचं काय, हे मात्र त्याला सुचत नव्हतं. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी जमुनाकडे पाहिलं, या वेळी डोळ्यांत. सहा वर्षांत पहिल्यांदा मी वॉर्डात कुणा मुलाच्या डोळ्यांत इतका वेळ पाहिलं असेल. विचारलं, नवा होईपर्यंत तुम्ही पोरं आंब्याखाली जातच नाही का?

"जातो ना," ती पुटपुटली. "राखन करतो."

"कशापासून?"

"पोपट टोचतेत. माकडं येतेत." कळ आली तशी थांबली, मग पुढे म्हणाली, "देवाचा आंबा उष्टा नाई होऊ द्याचा."

मला पुढे काही सांगावंच लागलं नाही. दुर्गेशची बोटं पळायला लागली होती. टोपली काढून टाकली. कैऱ्या झाडाला घट्ट बसवल्या. जिकडे पाहिलं की कैरी पडत होती, तिथे पोपट बसवला. टक लावून पाहिलं की तो उडून जायचा. पोपट घाईत केलेला, एक पंख दुसऱ्यापेक्षा मोठा. पण उडायचा.

नऊ मिनिटांत त्याने चष्मा पुसून माझ्या हातात दिला.

जमुनाने घातला. थोडा वेळ काही नाही. मग, "हाट!" अगदी बारीक आवाजात. मग मान वळली. "हाट... हाट!" एक हात काखेतून बाहेर आला, खाटेवर मोकळा पडला, तळवा वर. मी तो धरला नाही. खाली फक्त उशी सरकवली. कापूस फिरवला. शीर शोधायला वेळ लागला, कारण मला घाई करायची नव्हती. सुई गेली तेव्हा तिच्या भुवया जवळ आल्या, ओठ दाबले गेले, आणि तेवढ्यात वरच्या फांदीवर कुणीतरी बसलं असावं, कारण ती ओरडली, "ए! त्याले नाई टोचू देत मी!"

हात हललाच नाही.

सलाईन सुरू झाल्यावर तिने चष्मा वर केला आणि बापाला सांगितलं, "सतरा उडवले."

बिसराम भिंतीकडे तोंड करून उभा होता. दुर्गेश अजून जमिनीवरच बसलेला, मांडीवर लॅपटॉप, आणि तो जमुनाकडे नव्हता पाहत. माझ्याकडे पाहत होता. मी नजर खाली नाही केली. कळत होतं की करायला हवी... नाही केली.

चौथ्या दिवशी जमुना घरी निघाली, तेव्हा मी तिच्याशी बोली केली. दुखलं की त्याच दिवशी सांगायचं. एक रात्रही लपवायचं नाही. तिने विचारलं, मग तू काय देशील? मी म्हटलं, तू ज्या दिवशी येशील त्या दिवशी मी असेन. सुई मीच लावीन. तुला कोणी धरणार नाही. तिने बराच वेळ विचार केला आणि मान डोलावली. देवाची शपथ घेतली नाही, मागितलीही नाही. तिच्यासारख्यांना ती लागत नाही.

त्या आठवड्यातच कागद मोजले गेले. जमुनाच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलं होतं, पहिल्यांदा चष्मा काढून टाकला, म्हणून अयशस्वी, वेळ सव्वीस मिनिटं. खाली माझी सही पाहिजे होती. मी सही केली नाही. त्याच कागदावर खाली लिहिलं: मूल रडलं नाही. मुलाला धरलं नाही. एकदाच टोचलं, मागच्या वेळी पाचदा. आणि मग सही केली.

ऑफिसात बोलावलं. मोठ्या डॉक्टरांनी समजुतीने सांगितलं की, चांगली नर्स आहेस, पण वॉर्ड भावनेवर चालत नाही, पुढे असं करणार नाही एवढं लिहून दे. मी सांगितलं, मी लिहून देते, की यापुढे मी एकाही मुलाला दाबून धरणार नाही. शिक्षा काय ती द्या. ते माझ्याकडे पाहतच राहिले. बहुधा इतक्या हळू आवाजात कुणी त्यांना नाही म्हटलं नसावं.

शिक्षा मिळाली. मला वरच्या मजल्यावर नोंदणीला बसवलं, मुलांच्या वॉर्डात पाऊल टाकायचं नाही असं बजावलं. चष्मे शनिवारी परत पाठवायचे ठरले. दोन महिन्यांच्या चाचणीचा महिनाही पुरा झाला नव्हता.

शनिवारी माझी सकाळची ड्यूटी होती. सुटले आणि पाय स्टेशनाकडे वळले. निरोप द्यायला, असं मी स्वतःला सांगितलं. नागपूरची गाडी चाळीस मिनिटं लेट होती. दुर्गेश फलाटाच्या टोकाला, कडुनिंबाच्या सावलीत, खोक्यावर हात ठेवून बसला होता. मला पाहून उठला.

"तुम्हाला वरती बसवलं, माझ्यामुळे," तो म्हणाला.

"तुमच्यामुळे नाही. मी स्वतः उभी राहिले होते."

"हो. पाहिलं मी." मग तो गप्प झाला. त्या माणसाला गप्प राहता येतं, हे मला ठाऊक नव्हतं. वैशाखाची झळ रुळांवरून येत होती. कडुनिंबाचा बारीक मोहर त्याच्या खांद्यावर पडला होता, आणि तो झटकावा की नाही, याच विचारात मी...

"शामकलाजी, मी आजपर्यंत एक उपास केला नाही. आई म्हणते, याला भुकेचं भ्याव आहे. पण त्या दिवशी तुम्ही चादरीपुढे उभ्या राहिल्या ना... तेव्हापासून वाटून राहिलं, की या बाईच्या नेमांमध्ये आपलंही नाव पाहिजे. एखादा वार. छोटासा. बुधवार असला तरी चालते."

 मी बोलायचं ते नीटच बोलले. "मी वारावर माणूस बसवत नाही. आणि एकदा धरलेलं व्रत मी अर्ध्यात सोडत नाही, हे माहीत आहे ना? उद्यापन झाल्याशिवाय नाही."

"मग उद्यापन करायचंच नाही," तो म्हणाला. "कधीच."

मी त्याच्या खांद्यावरचा मोहर झटकला. भर फलाटावर, चार माणसांदेखत. दुसरं उत्तर मला सुचलं नाही, आणि त्याला लागलंही नाही.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, आम्ही जातीनं पवार, तुम्ही कुणबी. तुमच्या घरी कोण बोलणार? मी म्हटलं, मीच. "हळू आवाजात?" त्याने विचारलं. मी म्हटलं, मोठे डॉक्टर घाबरले तेवढ्याच.

तेवढ्यात फोन वाजला. बिसराम होता. मागे गाडीचा खडखडाट, त्यात त्याचा आवाज तुटत होता.

"सिस्टर, पोट्टी सकाळी उठल्या-उठल्या सांगून राहिली, पाय दुखते म्हनून. आजच दुखलं. कालपावेतो काई नव्हतं." तो दम घ्यायला थांबला. "मी म्हनलं, जंगलातून आल्यावर पाहू. तर तिनं पिशवी भरली आन् एकटीच स्टेशनाकडे निघाली. मी मांगं पळत आलो. आता दुपारची गाडी भेटली, बसलो आम्ही. तुम्ही हाव ना तिथं?"

"आहे," मी म्हटलं. "तिला पाणी पाजत राहा."

फोन ठेवला. दुर्गेशने सगळं माझ्या चेहऱ्यावर वाचलं. नागपूरची गाडी फलाटाला लागत होती. माणसं पिशव्या घेऊन पुढे सरकली. त्याने खोकं उचललं, पण गाडीकडे पाठ केली. चष्मे सोमवारी पोचले तरी आकाश कोसळणार नाही, म्हणाला, काय ते मी बोलेन त्यांच्याशी.

मी सुशीला सिस्टरांना फोन लावला. जमुना येते आहे, सांगितलं. तिने एक दिवसही लपवलं नाही. मी वॉर्डात येते आहे. सुई मी लावणार, आणि कोणी धरणार नाही.

 मग त्या म्हणाल्या, "मोठे डॉक्टर राउंडला आहेत."

"त्यांच्यासमोरच येते."

 पलीकडे एखादं मूल रडत होतं, भांड्याचा आवाज आला.

"खिडकीजवळची खाट मोकळी करते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दरेकशाची गाडी पलीकडच्या फलाटावर येते; तिकडे जाणारा पूल उन्हाने तापला होता. दुर्गेश खोकं छातीशी धरून चालत होता, मी दोन पावलं पुढे.  पुलावरून रूळ दूरपर्यंत दिसत होते, दरेकशाच्या बाजूला अगदी रिकामे. गाडीला अजून अर्धा-पाऊण तास होता.

पण ती निघाली होती. मी पदर खोचला आणि पायऱ्या उतरायला लागले.